परक्या मजुरांचा हिशेब : अमेरिकेच्या अनुभवाचा बोध

ऊसतोडणीचा हंगाम जवळ आला कीं मजुरांची चणचण, मुकादमाची उचल आणि तोडणीयंत्र यांचीच चर्चा गांवोगांव ऐकूं येते. अशा वेळीं अमेरिकेच्या शेतीचा एक जुना हिशेब वाचकांपुढें मांडावा, असें आम्हांस वाटतें. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यामुळें, धोरणाची खरी परीक्षा वहींतच होते, हें आम्ही जाणतों.

दुसऱ्या महायुद्धांत शेतावर माणसें कमी पडूं लागलीं, तेव्हां अमेरिकेनें १९४२ सालीं मेक्सिकोशीं करार करून मुदतीवर मजूर आणण्यास आरंभ केला. या मजुरांस ‘ब्रासेरो’ म्हणत. १९६४ अखेर ही योजना बंद होईपर्यंत सुमारें ४५ लाख करारपत्रें झालीं. त्यांत मजुरी व निवारा यांचीं कलमें होतीं. परंतु मजूर एकाच मालकाशीं बांधलेला असल्यानें तक्रार करणें म्हणजे काम गमावून घरची वाट धरणें होय. म्हणून कलमें पुष्कळदां कागदावरच राहिलीं.

आरंभींच्या वर्षांत मजुरीचा दहावा हिस्सा बचत म्हणून कापून मेक्सिकोच्या बँकांकडे पाठविला जाई. स्वदेशीं परतल्यावर तो हातीं यावयाचा. पण पुष्कळांस तो मिळालाच नाहीं. पुढें दावे झाले, आणि २००८ सालीं मेक्सिको सरकारनें अमेरिकेंतील हक्कदारांस भरपाई देण्याचें मान्य केलें. तोंवर कित्येक मजूर निवर्तले होते, आणि ज्यांजवळ जुने कागद नव्हते त्यांस हक्क शाबीत करणें कठीण झालें.

योजना बंद करतांना आशा अशी होती कीं, परके मजूर गेले म्हणजे देशी मजुरांची मजुरी वाढेल. परंतु क्लेमेन्स, लुइस व पोस्टेल यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत तशी वाढ आढळली नाहीं. बागाइतदारांनीं यंत्रें घेतलीं. जेथें यंत्र चालेना, तीं पिकें कमी केलीं. कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांत टोमॅटो काढणीचें यंत्र व त्यास सोसेल असें वाण तयारच होतें. थोड्याच वर्षांत कारखान्यांस जाणारा बहुतेक टोमॅटो यंत्रानें निघूं लागला.

सारांश, दार लावून मजुरी वाढली नाहीं, आणि नुसतें दार उघडून न्यायहि झाला नाहीं. आपल्या बीडकडील ऊसतोड मजूर परदेशीं जात नसला तरी घर सोडून जातोच. त्याची उचल, तोडलेल्या उसाचें वजन व कपात यांची पावती त्याच्याच हातीं असली पाहिजे. यंत्र येवो वा न येवो, सुज्ञ बागाइतदारांनीं व कारखान्यांनीं एवढी वही या हंगामापासूनच चोख ठेवावी, अशी आमची विनंती आहे.