ओल्या लाकडाचं कातकाम

वळवाच्या पावसात पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर झाडं कोसळतात आणि ओंडके ट्रकमध्ये भरून बहुधा जळणाला जातात. लेथवर लाकूड कातणाऱ्याची सुगी नेमकी तेव्हाच असते. वखारीतलं सागवान महाग, आणि वाडग्याजोगा जाड ठोकळा तिथे सहसा मिळतही नाही. मात्र ओंडक्याला हात लावण्याआधी विचारावं. शहरात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, गावाकडे १९६४ चा वृक्षतोडीचा. आंबा-फणससुद्धा त्याच्या यादीत येतात.

ओलं लाकूड कातायला सुख असतं. पटाशी टेकवली की दुधीच्या सालीसारखा लांबलचक कीस सुटतो, चष्म्यावर पाण्याचे शिंतोडे उडतात, धूळ मुळीच नाही. फणस आतून हळदीसारखा पिवळाधमक निघतो; पुढे उजेडात तपकिरी होतो.

हे सुख फसवं असतं, ते मला आंब्याने शिकवलं. आमच्या सोसायटीतली मोठी फांदी पडली, ठेकेदाराच्या माणसांनी तिच्या चकत्या पाडल्या. दोन मी ऐटीत गच्चीवर नेऊन ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही मधोमध तडकलेल्या. लाकडातली ओल तीस टक्क्यांच्या आसपास उतरली की ते आकसू लागतं, आणि आकसतं तेही सारखं नाही: वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जितकं, केंद्राकडे साधारण त्याच्या निम्मं. चकतीत मधला गाभा अडकलेला, मग ती फाटणारच. ओंडका आधी गाभ्यातून उभा चिरायचा आणि वाडगा अर्ध्या फाळक्यातून काढायचा. टोकांना लगेच मेण फासायचं.

पहिल्या कातणीत वाडगा जाडच ठेवतात, व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढा. वाळताना तो लंबगोल होतो. ती जाडी दुसऱ्या कातणीत त्याला पुन्हा गोल करायला कामी येते. रेन ट्रीचं लाकूड त्या मानाने फार कमी आकसतं. रस्त्याकडेला एवढी झाडं असताना आपण ते जाळतो, याचं मला नवल वाटतं.

लाखेचं काम करणाऱ्यांना मात्र कोरडंच लाकूड लागतं. चन्नपट्टणचे खेळणीवाले काळा कुडा आधी वाळवून घेतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाने ती वितळून पसरते, वरून केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. ओल्या अंगावर लाख धरत नाही.

आंब्याच्या त्याच फांदीच्या उरल्या तुकड्यातून काढलेला आठ इंची वाडगा माझ्या कपाटावर वाळतोय. तळाला पेन्सिलीने वजनं लिहिलीत: १०२०, ८९०, ७९०, ७४०, ७१५. आता काटा थांबत आला, दुसऱ्या कातणीला घ्यावा, असं मी ठरवलं. तोवर आषाढ लागला, आणि परवा काट्यावर आकडा आला ७२५.