जलपर्णीच्या पानांवरचे ठिपके

दिवाळीनंतरची गोष्ट. पेनगंगेकाठच्या एका खेड्यातले शेतकरी जलपर्णीची पाच-सहा पाने ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. गावतळ्यात जाळे टाकतात, शिवाय तीन एकर पऱ्हाटी आहे. फडके उलगडून म्हणाले, "गुरुजी, पाहा बरं. तळ्यातल्या झाडाले रोग आला. हा माह्या पऱ्हाटीवर येईन का?" फवारणीचे औषधही त्यांनी दुकानातून आणून ठेवले होते. तळे आधी मारायचे, मग शेत, असा बेत होता.

पानांवर तांदळाच्या कणीएवढे, नखाने खरवडल्यासारखे फिकट चट्टे होते. मधल्या कोवळ्या, न उलगडलेल्या पानाच्या सुरळीत एक करड्या रंगाचा किडा दडून बसला होता. धान्यात सोंडे होतात ना, त्यांचाच हा भाऊबंद, अंगाने जरा मोठा. फुगीर देठ चिरून पाहिला तर आत बोगदा आणि बोगद्यात एक पांढरी, बिनपायांची अळी. त्यांना सांगितले, "दादा, हा रोग नव्हे. हा तुमचा बिनपगारी गडी आहे. फवारू नका."

त्यांना ते लगेच पटले नाही, आणि का पटावे? किडा म्हटला की औषध, हे आपल्याला कपाशीने शिकवले आहे. म्हणून ही हकिकत सविस्तर लिहितो.

जलपर्णीला आपल्या भागातले तेलुगू शेजारी 'गुर्रपु डेक्का' म्हणतात, म्हणजे घोड्याचा खूर. पानाचा आकार पाहिला की नाव पटते. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जांभळ्या फुलांच्या हौसेपायी बंगालमध्ये आली आणि तिथून देशभर पसरली. तिला खाणारे किडे मात्र तिच्या माहेरीच राहिले. जावई आला, सासू-सासरे आले नाहीत, मग त्याला धाक कोणाचा? तिला खाणारा एक सोंड्या १९२६ साली शास्त्रज्ञांनी नाव देऊन नोंदवला होता. पुढे लक्षात आले की त्याच्याबरोबर त्याच्यासारखाच दिसणारा दुसराही आहे. १९७० साली वॉर्नर या अमेरिकन संशोधक बाईंनी त्याचे वेगळे वर्णन छापले आणि त्याला 'निओकेटिना आयकॉर्निये' हे नाव मिळाले. दोन वर्षांनी तो फ्लोरिडाच्या पाण्यात सोडला गेला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही जाती बंगळूरला आल्या, तपासल्या गेल्या आणि तिथल्या तळ्यांत सोडल्या गेल्या. पुढे देशात ठिकठिकाणी त्या पोचवण्यात आल्या. फडक्यातला किडा त्यांच्याच कुळातला होता.

वाचक म्हणतील, किड्याचे नाव हे की ते, शेतकऱ्याला त्याचे काय? तेच सांगायचे आहे, आणि त्यासाठी जलपर्णी सोडून दुसऱ्या एका तणाकडे जावे लागेल.

केरळातून आपल्या भागात आलेल्या सिस्टर आणि शिक्षक मंडळींना विचारा, 'आफ्रिकन पायल' म्हणजे काय? घरची आठवण निघेल. हा पाण्यावर तरंगणारा नेचा आहे. शास्त्रीय नाव साल्व्हिनिया मोलेस्टा. पाने जोडीजोडीने, अंगठ्याच्या नखाएवढी, दाटी झाली की उभी दुमडलेली. वरच्या बाजूला बारीक केस, आणि त्या केसांची टोके पुन्हा जुळलेली, अगदी ताक घुसळायच्या रवीसारखी. त्यामुळे पाणी टाकले तरी पान भिजत नाही. याला बी धरत नाही. तुकडा मोडला की त्या तुकड्याचे नवे झाड होते, एवढ्यावर त्याने अर्धे जग व्यापले. उष्ण, खतावलेल्या पाण्यात आठवड्याच्या आत दुप्पट होतो. कुट्टनाडात भाताची खाचरे आणि नावांचे कालवे याने बुजवून टाकले होते. आफ्रिकेत करिबा धरणाचे पाणी साठू लागल्यावर चार-पाच वर्षांत सुमारे हजार चौरस किलोमीटर पाणी याच्या खाली गेले.

आता चुकीची गंमत पाहा. पुष्कळ वर्षे या तणाला दुसऱ्याच, ऑरिक्युलाटा नावाच्या नेच्याचा प्रकार समजत. म्हणून त्याला खाणारे किडेही त्या दुसऱ्या नेच्यावरून, त्रिनिदादकडून आणले. त्यात एक सोंड्या होता, 'सर्टोबॅगस सिंग्युलॅरिस'. तो आफ्रिकेत सोडला, काम फारसे झाले नाही. १९७२ साली मिचेल यांनी हे तण वेगळीच जात आहे असे दाखवून त्याला मोलेस्टा, म्हणजे छळणारा, हे नाव दिले. मग शोध सुरू झाला की याचे खरे गाव कोणते. ते १९७८ साली आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले. तिथल्या जॉइनव्हिल गावाच्या परिसरातून ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेच्या मंडळींनी एक सोंड्या गोळा केला. अंग जेमतेम दोन मिलिमीटर, आधी तपकिरी, मग काळा. सगळ्यांनी तो जुना सिंग्युलॅरिसच मानला.

१९८० साली क्वीन्सलँडमधल्या मूंडारा तलावात तो सोडला. तलावावर सुमारे दोनशे हेक्टर तण होते, वजनाने हजारो टन. सव्वा वर्षाच्या आत ते जवळजवळ संपले! आफ्रिकेत हात टेकलेला किडा इथे पैलवान कसा झाला? तेव्हा दोन्हीकडचे किडे सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सारखे दिसतात, पण सारखे नाहीत. १९८५ साली काल्डर आणि सँड्स यांनी ब्राझीलचा सोंड्या नवी जात म्हणून नोंदवला: सर्टोबॅगस साल्व्हिनिये. वागणुकीतला फरक तर शेतकऱ्याला सहज समजेल असा आहे. जुन्या जातीची अळी झाडाला बाहेरून कुरतडते. नव्या जातीची अळी मुख्य दांड्याच्या आत शिरून पोखरते, आणि मोठा किडा नवीन डोळे खातो. दांडा पोखरला, डोळा खाल्ला, मग झाड फुटणार कुठून? कपाशीची शेंडे अळी आणि बोंडअळी यांत जो फरक आपण करतो, तोच हा.

म्हणजे किड्याने आपले काम आधी केले आणि नाव त्याला पाच वर्षांनी मिळाले.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात युरिया आहे. पापुआ न्यू गिनीत सेपिक नदीकाठची गावे या तणाने कोंडली गेली होती. होडी चालेना, मासे धरता येईनात, दवाखान्याला जायचा रस्ताच बंद. १९८२ साली तिथे किडा नेला, तर तो वाढेना. तपासाअंती कळले की तिथल्या तणात नत्र कमी, त्यामुळे किड्याला पोषण नाही. मग संशोधकांनी तणावर चक्क युरिया टाकला! तण हिरवेगार झाले, किडा माजला आणि पुढे त्याच किड्यांनी नदी मोकळी केली. तणाला खत घालणारा माणूस आपल्या गावात दिसला असता तर आपण त्याला काय म्हटले असते?

भारतात हा सोंड्या ऑस्ट्रेलियातून बंगळूरला आला. तिथल्या एका कमळाच्या तळ्यात १९८३-८४ साली जयंत या संशोधकांनी त्याचा प्रयोग केला आणि वर्षाच्या आत तळे मोकळे झाले. मग केरळ. कुट्टनाडात हे तण हाताने काढायला त्या काळी हेक्टरी सुमारे २३५ रुपये मजुरी पडत असे, ती वाचली. आणि अलीकडचे उदाहरण तर आपल्या बरेच जवळचे आहे. विदर्भाला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यात सारणीच्या औष्णिक वीज केंद्राचा मोठा जलाशय आहे. २०१८च्या सुमारास तो याच नेच्याने भरला. लोक त्याला 'चायनीज झालर' म्हणू लागले, चीनचा त्यात काही संबंध नसताना! जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने केरळातून किडे आणून वाढवले आणि सोडले. दोन-तीन वर्षांत पाणी पुन्हा दिसू लागले.

'परदेशी किडा उद्या आमचे पीक खाईल' ही भीती मात्र खोटी म्हणून उडवून लावू नये. म्हाताऱ्या मंडळींनी आपल्या वडिलांकडून ऐकले असेल की एके काळी दख्खनभर फड्या निवडुंगाची रानेच्या राने होती. ती गेली ती १९२६ साली आणलेल्या, कापसासारखा पांढरा लेप अंगावर घेणाऱ्या एका किड्यामुळे. त्याच्याही आधी, १७९५ साली, कंपनी सरकारने लाल रंग मिळेल म्हणून ब्राझीलहून एक किडा आणवला होता. तो निघाला भलताच, रंगाला कुचकामी. पण एका जातीचा निवडुंग त्याने साफ केला. ओळख चुकली आणि निष्पन्न बरे झाले. दरवेळी असे नशीब साथ देईलच असे नाही. म्हणूनच आता परदेशी किडा बंद खोलीत ठेवून, त्याच्यापुढे आपली पिके एकेक करून मांडून, उपाशी ठेवूनसुद्धा तो ती खाऊन पिढी वाढवतो का हे आधी तपासतात. गाजरगवतावरचे मेक्सिकन भुंगे १९८४ साली याच पद्धतीने सोडले गेले. पुढे कर्नाटकात ते सूर्यफुलावर दिसले तेव्हा मोठी ओरड झाली आणि सरकारला चौकशी करावी लागली. सूर्यफुलावर त्यांचा वंश वाढत नाही, असे दिसून आले. ओरड झाली हे माझ्या मते चांगलेच झाले. शेतकऱ्याने विचारलेच पाहिजे.

जलपर्णीच्या सोंड्याचे उत्तर सोपे आहे. त्याची अळी देठातून खाली बुडख्यात जाते आणि कोष पाण्याखाली, जलपर्णीच्या जिवंत मुळांना चिकटवून करते. कपाशीला असली तरंगती मुळे कुठून येणार? तेव्हा तो पऱ्हाटीवर संसार करूच शकत नाही.

पण हीच गोष्ट आपल्या आदिलाबादच्या तळ्यांत त्याच्या मुळावर येते. बंगळूरच्या तळ्यांत पाणी बारमाही, तिथे तीनेक वर्षांत जलपर्णी बसली. आपली बरीच गावतळी चैत्र-वैशाखात आटतात. जलपर्णी सुकते, मुळांवरचे कोष मरतात. जलपर्णीचे बी मात्र चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि पहिल्या पावसाला उगवते. किड्याची एक पिढी व्हायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. तण पुढे पळते, किडा मागे राहतो. म्हणून आटणाऱ्या तळ्यात एकट्या किड्याच्या भरवशावर बसणे माझ्या मते चुकीचे आहे. तिथे पाणी उतरले की मार्च-एप्रिलमध्ये, फुले यायच्या आत, सगळ्यांनी मिळून हाताने काढणे बरे. बारमाही पाण्यात, बंधाऱ्यावर किंवा नदीच्या डोहात किड्याला वेळ द्यावा. तिथे तण काढायचे झाले तरी सगळे काढू नये. ठिपक्यांची पाने असलेला एक कोपरा बांबू आडवे बांधून राखावा, म्हणजे किड्याचे बेणे शिल्लक राहते. आणि गावाचे सांडपाणी तळ्यात येत असेल तर किडाही थकतो, माणूसही. आधी ते पाणी वळवावे.

काढलेली जलपर्णी काठावर ओली टाकू नये, पावसाने परत आत जाते. तिच्यात शेकडा नव्वदाहून जास्त पाणीच असते. चार दिवस उन्हात वाळवून शेणाबरोबर खड्ड्यात कुजवावी. बी धरलेली असेल तर खत चांगले तापल्याशिवाय शेतात नेऊ नये. गुरांपुढे टाकतात, पण पोट भरते आणि अंगी लागत नाही. सांडपाण्यातली तर मुळीच घालू नये.

आता आरोग्याचे. तरंगत्या तणाखाली पाणी हलत नाही आणि मासे नीट फिरत नाहीत, तिथे डासांच्या अळ्यांना आसरा मिळतो. मॅन्सोनिया नावाच्या डासाची अळी तर तणाच्या मुळात आपली नळी खुपसून श्वास घेते, वर येतच नाही. केरळच्या किनाऱ्यावर एका प्रकारचा हत्तीरोग या डासाने पसरवला. आपल्याकडचा हत्तीरोग मुख्यतः गटारातल्या क्युलेक्स डासाचा, तेव्हा तळे साफ केले आणि घरामागचे डबके तसेच ठेवले तर उपयोग नाही. तळ्यात फवारा मात्र मारू नये. गुरे तेच पाणी पितात, मासे मरतात, आणि सगळ्यात आधी मरतो तो आपला सोंड्या.

सारणीचा नेचा आपल्याकडे कोणाला दिसला, म्हणजे दुमडलेली जोडपाने, वर रवीसारखे केस आणि पाणी टाकले तर ओघळून जाणारे, तर तो जाळ्यात, बैलगाडीत किंवा मुलांच्या हौशी बरणीत भरून दुसऱ्या पाण्यात नेऊ नये. एक तुकडा बंद पिशवीत घालून आदिलाबादच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा.

पेनगंगेकडचे ते शेतकरी परवा पुन्हा भेटले. औषधाची बाटली अजून फोडलेली नाही. तळ्याच्या पूर्वेकडचा कोपरा त्यांनी बांबू बांधून राखला आहे आणि तिथली पाने आता काठाकडून तपकिरी होऊ लागली आहेत, असे म्हणाले. पोरे रोज पानांवरचे ठिपके मोजतात.