गावबैठक (७) : मागे बसून भागत नाही

गावकऱ्यांनीच जमिनीवर काढायच्या गावनकाशाचा उरलेला भाग आज देणार होतो. पण धुळ्याकडच्या एका वाचक कार्यकर्तीचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. त्या लिहितात, ‘खडू लोकांच्या हाती द्या, आपण मागे बसा, असं तुम्ही सांगताय. आम्ही बसलो मागे. मग सरपंचांचे दीर बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, चहा झाला, लोक उठले. हिला लोकांची बैठक म्हणायचं का?’

नाही म्हणायचं. विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स काठी, म्हणजे बैठकीची सूत्रं, लोकांच्या हाती सोपवायला सांगत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकात ‘मायराडा’ या संस्थेनं आणि गुजरातेत आगाखान ग्राम समर्थन कार्यक्रमानं ते करूनही पाहिलं. पण आपण काठी नुसती खाली ठेवली, की ती उचलायची सवय असलेलाच उचलतो. बाहेरचा गप्प बसला म्हणून गावातली उतरंड गप्प बसत नाही.

या प्रश्नाचं मला सर्वांत पटलेलं उत्तर गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचं आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, सुमारे १,८०० हेक्टर जंगल हाती आलं, म्हणून हे गाव गाजलं. मला मात्र तिथल्या वनहक्कांपेक्षा अभ्यासगटाचं अप्रूप जास्त. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या काळात तिथे एक रीत मुरली : समजून घेण्याची जागा वेगळी, ठरवण्याची वेगळी. अभ्यासगटात बाहेरच्यानं यावं, कायदा सांगावा, वादही घालावा. तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. एखाद्याचं मन वळत नसेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. म्हणजे बाहेरच्यानं तोंड शिवून बसायचं कारणच उरत नाही. त्याला बोलायला जागा आहे, फक्त हात वर करायला नाही. आणि चेअरमनसाहेबांनी कितीही वेळ भाषण केलं तरी कोपऱ्यातल्या एका ‘नाही’पुढे त्यांना थांबावं लागतं.

आता कुणी म्हणेल, मेंढा म्हणजे एकाच समाजाचं छोटं गाव. आमच्याकडे पाच वाड्या आणि तीन पक्ष. खरं आहे. अशा गावात सहमतीपर्यंत पोचायच्या आधी बोलती तोंडं आणि न बोलती तोंडं वेगळी बसवावी लागतात. मी चिंचोक्यांवर भिस्त ठेवतो. जमिनीवर विहीर, रस्ता, शाळेची भिंत, दळणाची गिरणी अशी चित्रं काढायची आणि प्रत्येकीला सारखे चिंचोके द्यायचे, जे हवं त्या चित्रावर टाकायला. बोलायची सक्ती नाही. पण हे मिश्र घोळक्यात करू नका. कुणीतरी ‘अगं, इथं कशाला टाकतेस’ म्हणत दुसरीचे चिंचोके सरकवतोच, आणि तो बहुधा तिचा नवरा किंवा दीर असतो. बायकांची मांडणी आधी त्यांच्या वाडीत, त्यांच्या वेळेला : भाकऱ्या झाल्यावर, लावणीचे दिवस सोडून. पुरुषांची वेगळी. मग दोन्ही शेजारी शेजारी. फरक दिसला की तुम्हाला काही बोलावं लागत नाही, गावच बोलू लागतं.

एक गोष्ट मात्र चिंचोक्यांनीही सुटत नाही. निधी ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो, आराखडा तालुक्याला आधीच गेलेला असतो आणि आपण गावाला विचारतो, ‘तुम्हाला काय हवंय?’ याची मला मनापासून चीड आहे. पत्र लिहिणाऱ्या ताईंना एवढंच सांगेन, की काय ठरून गेलंय आणि काय अजून मोकळं आहे, हे सतरंजी अंथरतानाच सांगा. विहिरीचा पैसा शाळेच्या भिंतीकडे वळणार नसेल, तर तसं म्हणा. काही बायका उठून जातील, त्यांना शेतावर कामं आहेत.