मुक्तांगण : पस्तीस दिवस आणि त्यानंतर

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. त्या वर्षांत ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, ‘गर्द’ या नावाने मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत आणि महाविद्यालयांत शिरले होते. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांमध्ये फिरून लेखमाला लिहिली. ती वाचून व्यथित झालेल्या पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी उपचार केंद्रासाठी एक लाख रुपये देऊ केले. केंद्राची घडी बसवली ती अनिल अवचट यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि येरवड्याच्या रुग्णालयातच काम करत होत्या. १९९७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढे त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी संस्थेची धुरा घेतली. अनिल अवचट २०२२ मध्ये गेले.

गर्दची पकड समजली की या केंद्राची रचना समजते. अफूच्या बोंडातल्या चिकापासून मॉर्फिन निघते आणि मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन तयार होते. चांदीच्या कागदावर पूड ठेवायची, खालून आच द्यायची आणि उठणारा धूर नळीने ओढायचा, याला व्यसनी ‘चेसिंग’ म्हणतात. शरीर वेदना शमवण्यासाठी जी द्रव्ये स्वतः तयार करते, ती मेंदूत ज्या ठिकाणी काम करतात तिथेच हेरॉइनही जाऊन बसते. डोपामिन उसळते आणि क्षणभर सगळी चिंता विरते. रोज हे घडू लागले की मेंदू त्याला सरावतो. तेवढ्याच पुडीने भागत नाही, मात्रा वाढत जाते. काही आठवड्यांतच अशी वेळ येते की नशा चढो न चढो, न घेतल्याचा त्रास टाळण्यासाठी तरी घ्यावेच लागते.

तो त्रास म्हणजे ‘टर्की’. शेवटच्या मात्रेनंतर सहा ते बारा तासांत नाका-डोळ्यांतून पाणी वाहू लागते, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो. मग हाडे ठणकतात, पोटात पेटके येतात, जुलाब सुरू होतात, झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टर्की टिपेला पोहोचते आणि साधारण आठवड्याभरात ओसरते. योग्य औषधे आणि देखरेख असेल तर माणूस त्यातून सुखरूप बाहेर येतो. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली तर मात्र फिट येऊ शकते, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू घरच्या घरी कोंडून सोडवणे धोक्याचे असते.

शरीरातून गर्द गेले तरी मेंदूतली त्याची आठवण जात नाही. पुडी मिळायची ती गल्ली, जुना साथीदार, पगाराचा दिवस, घरातले भांडण, यांपैकी काहीही पुरेसे ठरते आणि ओढ उफाळून येते. म्हणून मुक्तांगणचा निवासी उपचार पस्तीस दिवसांचा आहे. सुरुवातीचे दिवस औषधोपचारात आणि विश्रांतीत जातात. त्यानंतर योग-प्राणायाम, गटसभा, वैयक्तिक समुपदेशन, संगीत आणि वाट्याला आलेली कामे असा दिनक्रम चालतो. दाखल झालेल्याला इथे ‘रुग्णमित्र’ म्हणतात. वर्षानुवर्षे ज्याने वेळेवर जेवण केले नाही, अंथरूण आवरले नाही, त्याच्यासाठी ठरलेल्या वेळी उठून झाडू हातात घेणे हाही उपचारच असतो.

या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला समुपदेशक. व्यसनी माणूस डॉक्टरला फसवू शकतो, आईला फसवू शकतो. ‘मनात आणलं तर केव्हाही सोडीन’, ‘घरच्यांनी डोकं फिरवलं म्हणून घेतो’, ‘फक्त आज’, ही वाक्ये त्याने इतक्यांदा म्हटलेली असतात की त्याचा स्वतःचाही त्यांच्यावर विश्वास बसतो. समोरच्या समुपदेशकाने एके काळी हीच वाक्ये म्हटलेली असतात. त्यामुळे खोटे तिथल्या तिथे उघडे पडते, पण उघडे पाडणाऱ्याच्या आवाजात तिरस्कार नसतो. शिवाय हा माणूस नोकरी करतो, घर चालवतो, मुलांच्या शाळेची फी भरतो. सुटका शक्य आहे याचा पुरावा रुग्णमित्राच्या समोर बसलेला असतो. दुसऱ्याला सावरताना तो स्वतःही सावरलेला राहतो. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा पायाही हाच होता.

व्यसन एकट्याचे नसते. बायकोचे मंगळसूत्र गहाण पडते, म्हातारे वडील सावकाराच्या दारात उभे राहतात, मुले घरी मित्रांना बोलवेनाशी होतात. घरातली बाई चोरी झाकते, मालकाला खोटी कारणे सांगते आणि नकळत व्यसनाला हातभार लावत राहते. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. हा सगळा माझाच दोष आहे, हे वर्षानुवर्षांचे ओझे तिथे पहिल्यांदा खाली उतरते. व्यसनी स्त्रियांना तर बदनामीच्या भीतीने उपचारापर्यंत पोहोचताच येत नाही. त्यांच्यासाठी संस्थेने ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग उघडला.

खरी कसोटी छत्तिसाव्या दिवशी सुरू होते. उपचार घेतलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक कधी ना कधी पुन्हा घसरतात. दमा किंवा उच्च रक्तदाब उलटण्याचे प्रमाणही साधारण असेच असते. तरी दमेकऱ्याला कोणी नालायक म्हणत नाही. गर्द सोडलेल्याच्या घसरणीत जिवाचा धोका असतो. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती घटलेली असते, त्यामुळे पूर्वी पचणारी मात्रा आता श्वास थांबवू शकते. म्हणून घरी परतल्यावर पाठपुराव्याच्या सभांना येत राहणे आवश्यक असते. मुक्तांगणने अशा सभा महाराष्ट्रात ठिकठिकाणी सुरू केल्या. ज्याच्या गावाजवळ सभा नाही, त्याची वाट अवघड होते.

गरजेच्या मानाने हे जाळे फार विरळ आहे. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात अफूजन्य पदार्थांच्या वापरासाठी मदतीची गरज असलेले लोक सुमारे ७७ लाख आहेत आणि सुईने नशा करणारे सुमारे साडेआठ लाख. एकच सुई अनेकांनी वापरल्याने एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी पसरतात. अशांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी औषध देखरेखीखाली देण्याचे सरकारी कार्यक्रम आहेत. त्याने सुई सुटते आणि आयुष्य सावरायला उसंत मिळते.

नव्या नशांनी अडचण वाढवली आहे. ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रॉन २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले, तरी २०२४ च्या फेब्रुवारीत कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा प्रचंड साठा सापडला. गर्द गुंगी आणते; एमडी झोप आणि भूक मारते, संशय वाढवते, कधी वेडाच्या काठावर नेते. उतरल्यावर येणारी उदासी आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचू शकते. गर्दला ब्युप्रेनॉर्फिनचा पर्याय आहे, तसा एमडीला नाही. त्यामुळे समुपदेशन आणि सोबत यांवरच सारी भिस्त राहते.

अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात सेवनालाही शिक्षा आहे, पण कलम ६४-अ नुसार स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ही तरतूद फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. पोलिसांच्या धास्तीने घरचे लोक मुलाला लपवतात, किंवा मारहाण करणाऱ्या, डॉक्टर नसलेल्या ‘केंद्रां’च्या हवाली करतात. केंद्र निवडताना डॉक्टर आहेत का, नोंदणी आहे का, कुटुंबाला सहभागी करून घेतात का आणि बाहेर पडल्यावर पाठपुरावा होतो का, एवढे विचारायलाच हवे. केंद्र सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन विनामूल्य आहे. मुक्तांगणचा जवळपास चार दशकांचा अनुभव हेच सांगतो की व्यसन हा आजार आहे, त्यावर इलाज आहे, आणि तो इलाज पस्तीस दिवसांनंतरही वर्षानुवर्षे चालू ठेवावा लागतो.