पोटांतील प्रतिध्वनि

शरीरशास्त्राचा पाठ चालूं असतां मीं एकदां वर्गांतील मुलांस म्हटलें, "आपापल्या यकृतावर हात ठेवा पाहूं." निम्म्याहून अधिक हात डावीकडे गेले! यकृत असतें उजवीकडे, बरगड्यांच्या आडोशाला. मोठ्या माणसांत त्याचें वजन सुमारें दीड किलो भरतें. एवढ्या मोठ्या अवयवाचा ठाव मुलांस नसावा ह्यांत त्यांचा फारसा दोष नाहीं, कारण तो सहसा दुखून आपली ओळख करून देत नाहीं. वेदना जाणणारे ज्ञानतंतु त्याच्या बाहेरील आवरणांत असतात, आंतील भागांत नसतात. म्हणून यकृतांत कर्करोगाची गांठ रुजली तरी ती पुष्कळ वाढेपर्यंत रोग्यास बहुधा तिची वार्ताहि नसते.

मग न दुखणारी ही गांठ पाहावी कशी? १८९५ सालीं राँटगेन ह्यांनीं क्ष-किरण शोधून काढले, तेव्हांपासून हाडें स्पष्ट दिसूं लागलीं. परंतु पोटांतील मऊ अवयवांच्या छाया एकमेकींत मिसळून जातात. ह्या अंधारांत वाट काढणाऱ्या संशोधकांपैकीं डॉ. इयान डोनाल्ड (१९१०–१९८७) हे प्रमुख होत. दुसऱ्या महायुद्धांत ते ब्रिटिश विमानदलांत डॉक्टर होते, आणि रडार व सोनार ह्यांचा त्यांस तेथेंच परिचय झाला. पाण्यांत ध्वनि सोडावा, तो पाणबुडीवर आपटून परत यावा, व लागलेल्या वेळावरून तिचें अंतर कळावें, हें सोनारचें तत्त्व. डोंगरासमोर उभें राहून साद घालणाऱ्या मुलासहि तें समजेल.

पुढें डोनाल्ड ग्लासगो येथें प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या शहराजवळ बॉयलर बनविणाऱ्या एका कारखान्यांत पोलादांतील अदृश्य भेगा अशाच प्रतिध्वनीनें हुडकीत असत. जुलै १९५५ मध्यें डोनाल्ड तेथें गेले, आणि जातांना शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी मोटारींत घालून घेऊन गेले! तुलनेसाठीं कारखान्यानें मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेविला होता. परीक्षेंत असें दिसलें कीं, द्रवानें भरलेली गांठ आंतून मुकी राहते, फक्त तिच्या भिंती उत्तर देतात. भरीव गांठ मात्र आंतूनहि अनेक बारीक प्रतिध्वनि परत पाठविते. हा ध्वनि आपल्या कानांस ऐकूं येत नाहीं. सेकंदास वीस हजार कंपनांपलीकडचें आपणांस ऐकूं येत नसतें, आणि येथें तर कंपनें दर सेकंदास लक्षावधि असतात.

ह्या शोधाची खरी कसोटी एका स्त्रीच्या बाबतींत लागली. तिचें पोट फुगलें होतें. क्ष-किरणांच्या तपासणीवरून तिला जठराचा असाध्य कर्करोग झाला आहे असा निर्णय झाला होता, व तिची आशा सोडण्यांत आली होती. डोनाल्ड ह्यांनीं तिच्या पोटावर यंत्र लाविलें, तों आंत एक प्रचंड, द्रवानें भरलेली गांठ असल्याचें दिसलें. ती बीजकोशाची होती व प्राणघातक नव्हती. शस्त्रक्रियेनें ती काढली, आणि ती बाई वांचली. इंजिनिअर टॉम ब्राउन ह्यांनीं मग ह्या प्रतिध्वनींचें चित्र उमटविणारें यंत्र तयार केलें. त्यावरील निबंध डोनाल्ड, मॅक्विकार व ब्राउन ह्या तिघांच्या नांवें जून १९५८ मध्यें 'लॅन्सेट' नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. आज ज्यास आपण सोनोग्राफी म्हणतों तिच्या इतिहासांत ह्या निबंधाचें स्थान फार मोठें आहे.

यकृताच्या कर्करोगास ती कितपत उपयोगी पडते? चीनमधील शांघाय येथें ३५ ते ५९ वर्षें वयाचे १८,८१६ लोक निवडण्यांत आले. त्यांस हिपॅटायटिस बी ह्या विषाणूची बाधा होती किंवा पूर्वीं दीर्घकाळचा यकृतदाह झालेला होता. अशांस हा कर्करोग होण्याचा धोका अधिक. त्यांपैकीं निम्म्यांस दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी व रक्ततपासणी ह्यांसाठीं बोलाविलें, बाकीच्यांस नेहमींप्रमाणेंच राहूं दिलें. २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासणीच्या गटांत यकृताच्या कर्करोगानें ३२ जण दगावले, दुसऱ्या गटांत ५४. गांठ लहान असतांनाच सांपडली तर ती कापून काढतां येते, आणि उरलेलें यकृत निरोगी असल्यास पुन्हां वाढतें. मात्र सोनोग्राफी सर्व कांहीं पाहते असें नाहीं. आंतड्यांतील वायु व अंगावरील चरबी आड येतात, आणि यंत्र धरणारा हातहि तयार असावा लागतो.

त्या तपासण्यांस बोलाविलेल्यांची हजेरी सुमारें ५८ टक्केच भरली. पोट दुखत नसतां दवाखान्याची पायरी चढणार तरी कोण?