घरातील आमर आणि हिवाळा

वसंतातल्या व्याख्यानात हिवाळ्याचा विषय काढला, याचे श्रोत्यांना नवल वाटेल. पण हल्ली रोपवाटिकांतून मिळणारी फॅलेनॉप्सिस जातीची आमर, म्हणजेच ऑर्किड, वसंतात फुलणार की नाही हे पुष्कळसे हिवाळ्यातच ठरते. काही आठवडे तापमान २५ अंशांखाली राहिले, म्हणजे तिला फुलोऱ्याचा दांडा फुटतो. तेव्हा थोडी थंडी तिला हवीच. मात्र १५ अंशांखालचा गारठा तिला फार काळ सोसत नाही, आणि आमच्या राळेगावाकडे पौषातल्या रात्री पारा त्याहूनही उतरतो. म्हणून रात्री कुंडी खिडकीपासून आत घ्यावी. शेगडीजवळ मात्र ठेवू नये. तापलेली हवा अधिकच कोरडी होते.

हवा कोरडी म्हणून आपण कुंडीत पाणी ओततो, आणि तेथेच मुळे कुजतात. विदर्भाच्या रानात झाडाच्या फांदीवर वाढणारा वांडा पाहावा, तोही आमरच. त्याची मुळे वाऱ्यावर उघडी असतात. मुळांवरचे स्पंजासारखे आवरण पाणी चटकन शोषते. ते पांढुरके दिसले की पाणी द्यावे, हिरवे असेतो थांबावे. पाणी सकाळीच द्यावे, म्हणजे पानांच्या बेचक्यातले पाणी रात्रीपूर्वी वाळते.

ओलावा हवेत वाढवावा. पसरट ताटात खडे व पाणी घालून त्यावर कुंडी ठेवावी. कुंडीचे बूड पाण्याला लागू नये. याने थोडाच लाभ होतो; चारपाच कुंड्या जवळजवळ ठेवल्या तर तो वाढतो. एवढे सांभाळले, तर फाल्गुनात फुले पाहावयास शेजारी यावेत, अशी आमची आशा आहे.