फिरंगी नेमका कोण?

नांदगाव तिठ्यावरून देवगडच्या रस्त्याला लागलात, की तुम्ही हापूसच्या मुलखात शिरता. हापूस हे नाव अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगिजावरून पडलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच्या जातभाईंना आपण ज्या नावाने हाक मारली, त्या 'फिरंगी' शब्दाची कुळकथा हापूसइतकीच रसाळ आहे!

मूळ शब्द 'फ्रँक'. फ्रान्सला ज्यांचं नाव मिळालं, ते हे लोक. अरबांनी पश्चिम युरोपातल्या सगळ्यांनाच सरसकट 'इफ्रंज' म्हटलं, फारसीत त्याचं 'फरंग' झालं. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला तेव्हा हे नाव आधीपासून रुळलेलं होतं. ते पोर्तुगिजांना चिकटलं, आणि फ्रान्सचा खरा माणूस आला तेव्हा त्याला वेगळं नाव द्यावं लागलं: फरासीस!

जुन्या मराठी कागदांत ही वाटणी अगदी चोख. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले. सगळे मिळून टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त ही सगळी मंडळी एकत्र भेटतात. वेंगुर्ल्याला वलंदेजांच्या वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट: 'वलंदेज' आला पोर्तुगीज 'ओलांदेश'वरून आणि 'इंग्रज' आला 'इंग्लेश'वरून. म्हणजे फिरंग्याच्या वैऱ्यांची नावंसुद्धा आपण फिरंग्याच्याच तोंडून उचलली!

माणसावरून शब्द वस्तूंवर गेला. युरोपी पात्याची सरळ तलवार ती 'फिरंग'. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात उपदंशाचं नाव 'फिरंग रोग'. चीनमध्ये पोर्तुगीज झाले 'फोलांगची' आणि त्यांच्या धर्तीच्या तोफेलाही तेच नाव मिळालं. थायलंडात गोरा पाहुणा 'फरांग', आणि पेरूलाही 'फरांग'च म्हणतात. आपल्याकडे फिरंग्याचं नाव आंब्याला, तिकडे पेरूला!

इंग्रजांनीही इथे नाव ठेवून पाहिलं. 1765 मध्ये मालवणचा सिंधुदुर्ग त्यांनी जिंकला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' म्हटलं. थोड्याच काळात किल्ला करवीरकरांकडे परत गेला. आज मालवणच्या धक्क्यावर होडीवाल्याला तुम्ही 'सिंधुदुर्गावर जायचंय' एवढंच सांगता.